बेटावर बिऱ्हाड हलवताना झाडांचे काय करावे?

स्थलांतर आणि झाडे या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे आणि गावे दिलेली नाहीत. पत्रे जागेअभावी थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : चार महिन्यांनी आम्ही विषुववृत्ताजवळच्या एका बेटावर कायमचे राहायला जाणार आहोत. घरात आणि अंगणात मिळून साठेक झाडे आहेत. त्यांत सासूबाईंनी लावलेला पांढरा चाफा, १८ वर्षांचा फायकस, मोठा मॉन्स्टेरा, पिवळ्या कडेचा स्नेक प्लांट, दोन अडेनियम, कुंतीचे कुंपण आणि काही ऑर्किड आहेत. घरसामान जहाजाने कंटेनरमधून जाणार आहे. झाडेही त्यातच पाठवता येतील का? नसल्यास कोणती न्यावीत आणि कशी?

उत्तर : कंटेनरचा विचार मनातून काढून टाकावा. पोलादी कंटेनर बंदरावर उन्हात उभा राहिला की आतली हवा ५० अंश सेल्सियसच्या पुढे तापू शकते, आत उजेड नसतो, हवा खेळत नाही आणि प्रवास आठवड्यांत मोजायचा असतो. झाडे त्यात मरतीलच, पण त्याहून मोठी अडचण अशी की सामानाच्या यादीत न दाखवलेली एक कुंडी सापडली, तरी सगळा कंटेनर तपासणीसाठी अडकून पडू शकतो आणि आपली भांडी, अंथरुणे, पुस्तके बंदरातच राहतात. सामान हलवणाऱ्या कंपन्या सहसा जिवंत झाडे घेत नाहीत, त्यामागे हेही एक कारण आहे. झाडे न्यायची ती विमानाने, वेगळ्या खोक्यात आणि वेगळ्या कागदपत्रांसह.

साठ झाडे मात्र जाणार नाहीत. सहा-सात जातील, आणि तीही बहुतेक फांद्यांच्या किंवा कंदांच्या रूपाने. माझे मत असे आहे की स्थलांतरात झाड नेण्याचा हट्ट धरू नये, झाडाचा वंश न्यावा. सासूबाईंच्या चाफ्याची हातभर फांदी हा तोच चाफा आहे, कारण फांदीपासून वाढलेल्या झाडाचे सगळे गुण मूळ झाडाचेच असतात. खोड, कुंडी आणि माती मागे राहते, एवढेच.

माती मागे राहिलीच पाहिजे, कारण तपासनीस झाडापेक्षा मातीला अधिक घाबरतो. चमचाभर ओल्या मातीत सूत्रकृमी, बुरशीचे बीजाणू, मुंग्या आणि गोगलगायींची अंडी सहज मावतात आणि त्यांतले बरेचसे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. बेटांवर याची भीती अधिक असते, कारण तिथले पक्षी, कीटक आणि वनस्पती हजारो वर्षे बाहेरच्या स्पर्धेविना वाढलेल्या असतात. हवाई बेटांवर १९८०च्या दशकाच्या अखेरीस कोकी नावाचा चिमुकला बेडूक रोपवाटिकेतल्या झाडांबरोबर आला. त्याचा नर रात्रभर ओरडतो आणि तो आवाज जवळून ७० डेसिबेलच्याही वर जातो. त्याच बेटांवर १९९९मध्ये लहान अग्निमुंगी सापडली. तिचा एका जागेहून दुसऱ्या जागी होणारा प्रसार मुख्यतः कुंड्यांतल्या झाडांमधूनच झाला. ताहितीची हकिगत तर आपल्यासारख्या बागप्रेमींनी विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. तिथे १९३७मध्ये मायकोनिया हे रुंद, मखमली, खालून जांभळ्या पानांचे झुडूप केवळ शोभेसाठी एका बागेत लावले गेले आणि आज बेटाच्या सुमारे दोन तृतीयांश भागात ते पसरले आहे.

कागदपत्रांचा क्रम बहुतेक लोक उलटा लावतात. आधी झाडे सजवतात, मग परवानगी मागतात. आपण आजच, म्हणजे चार महिने हातात असतानाच, त्या बेटाच्या कृषी किंवा वनस्पती-संगरोध (क्वारंटाइन) विभागाला पत्र लिहावे आणि सोबत नेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक झाडाचे शास्त्रीय नाव द्यावे. ‘शोभेची रोपे’ असे मोघम लिहून चालत नाही. कोणते झाड येऊ द्यायचे, कोणते मुळीच नाही आणि कोणते काही महिने संगरोधात ठेवून, हे उतरण्याच्या जागेचा विभाग ठरवतो. आयात परवाना लागत असेल तर तोही त्याच्याकडूनच मिळतो. त्यानंतर आपल्या देशाचा वनस्पती-संरक्षण विभाग रोपांची तपासणी करून फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र देतो. या प्रमाणपत्राची पद्धत १९५१च्या आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करारातून आली असून ते प्रवासाच्या अगदी तोंडावर घ्यायचे असते. बेट एखाद्या मोठ्या देशाचाच भाग असले, तरी त्याचे नियम वेगळे असू शकतात. हवाई हे अमेरिकेचे राज्य आहे, तरीही अमेरिकेच्या मुख्य भूमीवरून तिथे जाणाऱ्या रोपांची तपासणी होते आणि अननस, ऊस, कॉफी यांच्या रोपांना वेगळी बंधने आहेत.

ऑर्किडसाठी आणखी एक कागद लागण्याची शक्यता आहे. दुर्मीळ वन्यजीव आणि वनस्पतींच्या व्यापारावरील साइट्स हा करार १९७३मध्ये झाला आणि १९७५मध्ये अमलात आला. सर्व ऑर्किड, जवळजवळ सर्व निवडुंग आणि सायकस त्यात येतात. घरगुती सामानातून नेले म्हणून ते त्यातून सुटतातच असे नाही. काही संकरित जातींना विशिष्ट अटींवर सवलत आहे, पण ती आपल्याला लागू आहे की नाही हे विभागाकडूनच लेखी विचारून घ्यावे. ही धावपळ नको असेल, तर ऑर्किड एखाद्या जाणकार मित्राच्या स्वाधीन करावीत. बेटाच्या दमट हवेत नवी मिळणे आणि जगवणे दोन्ही सोपे असते.

आता एकेक झाड पाहू. चाफ्याची हातभर, पक्व, करड्या सालीची फांदी सर्व पाने काढून कापावी, चीक वाहून जाऊ द्यावा आणि कापलेले टोक सावलीत आठ-दहा दिवस सुकू द्यावे. अशी फांदी मातीशिवाय आणि पाण्याशिवाय काही आठवडे तग धरते. प्रवासासाठी याहून सोयीचे झाड मला ठाऊक नाही. अडेनियमचे तेच. मुळे धुऊन, सुकवून, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले तरी ते दगडासारखे शांत असते. मॉन्स्टेराची दोन पेरांची, हवेत लोंबणारे मूळ असलेली एक फांदी पुरे. स्नेक प्लांटच्या बाबतीत एक चूक हमखास होते. पान कापून नेले तर त्यातून नवे रोप येते खरे, पण ते सबंध हिरवे येते, पिवळी कड नाहीशी होते. ती कड टिकवायची असेल तर कंदासह एक मुनवा काढून न्यावा.

कुंतीचे नाव मात्र यादीतून आजच खोडावे. कुंती, कढीपत्ता आणि लिंबू एकाच कुळातली. लिंबूवर्गीय झाडे पोखरणारा ग्रीनिंग रोग ज्या सिला नावाच्या किडीमुळे पसरतो, ती कीड कुंतीवर आणि कढीपत्त्यावर आनंदाने राहते. या कुळातल्या झाडांना पुष्कळ ठिकाणी दार बंद असते. केळीच्या मुनव्यांचे आणि ताडवर्गीय झाडांचेही बहुधा तसेच.

फायकसविषयी लिहायला हात जड होतो. हे झाड खिडकीची दिशा बदलली तरी रुसून पाने गाळते. १८ वर्षांच्या मुळांची माती पूर्ण धुणे, अंधाऱ्या खोक्यातला प्रवास आणि नवी हवा, हे तिन्ही एकदम सोसणे त्याला कठीण आहे. आपल्याला चार महिने मिळाले आहेत, म्हणून त्याच्या एका फांदीवर आत्ताच गुटी बांधावी, म्हणजे सालीचे कडे काढून तिथे ओले शेवाळ गुंडाळावे. शेवाळात मुळे फुटली की तेवढे लहान रोप मातीविना तयार मिळते.

मुळे धुण्याचे काम सांगायला सोपे आणि करायला चिवट आहे. रोप आदल्या दिवशी पाण्यात भिजवावे, मग कोमट पाण्याच्या हलक्या धारेखाली बोटांनी माती सोडवावी. शेवटची माती नेहमी खोडाच्या बुंध्याशी, जिथून जाड मुळे फुटतात त्या बेचक्यात अडकलेली असते, आणि ती जुन्या मऊ टूथब्रशनेच निघते. हे मी अनुभवाने लिहीत आहे. काही वर्षांपूर्वी मी एका नातलगासाठी पीस लिलीची तीन रोपे स्वतः धुऊन पाठवली. मुळे इतकी पांढरी निघाली होती की मला स्वतःचे कौतुक वाटले. विमानतळावरच्या तपासनीसाने पहिल्या रोपाच्या बुंध्यातून करंगळीच्या नखाने हरभऱ्याएवढा चिखलाचा खडा काढला, भिंगाखाली धरला आणि तिन्ही रोपे बाजूला ठेवली. ती परत मिळाली नाहीत. त्याचे काहीच चुकले नव्हते.

धुतल्यानंतर पानांची मागची बाजू आणि देठांचे सांधे भिंगातून पाहावेत. कापसाच्या बोळ्यासारखा दिसतो तो पिठ्या ढेकूण, सालीला चिकटलेले तपकिरी टिकल्यासारखे असते ती खवले कीड आणि पानामागे बारीक जाळे असेल तर लाल कोळी. प्रवासाच्या तारखेआधी किमान महिनाभर ही रोपे इतरांपासून वेगळी ठेवून दर आठवड्याला अशी तपासणी करावी, कारण अंडी आज दिसत नाहीत, दोन आठवड्यांनी दिसतात. उतरल्यावर कीड सापडली तर रोप परत पाठवणे, नष्ट करणे किंवा विषारी वायूची धुरी देणे एवढेच मार्ग तिथल्या अधिकाऱ्यापुढे असतात. धुरीसाठी वापरला जाणारा मिथाइल ब्रोमाइड वायू कीड मारतो, पण कोवळी पानेही भाजतो.

बांधणी अगदी शेवटच्या दिवशी करावी. पानाळ रोपांच्या मुळांभोवती ओलसर, पिळून काढलेले नवे स्फॅग्नम मॉस (एक प्रकारचे शेवाळ), त्यावर प्लास्टिकचा पातळ कागद, आणि पाने मात्र पूर्ण कोरडी. ओल्या पानांना अंधारात दोन दिवसांत काळे डाग पडतात. मॉस चालते की नाही हेही आधी विचारावे. काही ठिकाणी ओला कागदच चालतो. उष्ण प्रदेशातल्या बहुतेक शोभेच्या झाडांना १० अंशांखालची थंडी सोसत नाही, त्यामुळे खोके विमानाच्या कोणत्या भागात जाणार आणि वाटेत रात्रभर कुठे पडून राहणार, याची चौकशी अवश्य करावी.

मातीविना झाडे नेण्याची ही सक्ती तुलनेने नवी आहे. १८२९मध्ये लंडनच्या नॅथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरांनी बंद बाटलीत एका पतंगाचा कोश ठेवला होता. त्या बाटलीतल्या ओल्या मातीत एक नेचा आणि गवत उगवलेले त्यांना दिसले. बंद काचेत ओल टिकते हे ओळखून त्यांनी १८३३मध्ये काचेच्या पेट्यांतून रोपे जहाजाने सिडनीला धाडली आणि ती जिवंत पोहोचली. त्यापूर्वी खारे वारे आणि गोड्या पाण्याचा तुटवडा यांमुळे जहाजावरची बहुतेक रोपे वाटेतच मरत. पुढे अशाच पेट्यांतून चहाची रोपे चीनमधून भारतात आली. ज्या ओल्या मातीने त्या पेट्या यशस्वी केल्या, त्याच मातीतून रोग आणि किडीही जगभर फिरल्या. आजचे नियम त्या अनुभवातून आलेले आहेत.

प्रश्न : रोपांच्या कटकटीपेक्षा आवडत्या फुलांच्या बियांची चार पाकिटे पर्समधून नेली तर कुणाला कळणार आहे?

उत्तर : कदाचित कळणार नाही, पण तसे करू नये. बियांमधूनही विषाणू आणि बुरशी जातात आणि त्यांनाही अनेक देशांत आरोग्य प्रमाणपत्र लागते. मायकोनिया आणणाऱ्याचाही हेतू चांगलाच होता. घाणेरी, जलपर्णी, वेडेलिया, सुबाभूळ आणि सोनटक्क्याच्या कुळातले काहिली जिंजर ही नावे जगातल्या सर्वांत त्रासदायक १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत आहेत आणि त्यांतली निम्म्याहून अधिक कुणीतरी हौसेने लावलेली होती. कंपनीच्या सीलबंद, शास्त्रीय नाव छापलेल्या पाकिटांना परवानगी मिळणे सोपे जाते. घरी वाळवून कागदात बांधलेल्या बियांना ते कठीण जाते. फॉर्मवर बियांचा उल्लेख करावा आणि अधिकाऱ्याने नको म्हटले तर तिथेच टाकून द्याव्यात. जाहीर केलेली वस्तू जप्त झाली तर सहसा वस्तूच जाते, लपवलेली सापडली तर दंडही होतो.

याच संदर्भात आणखी एक पर्याय सुचवतो. प्रयोगशाळेत काचेच्या बंद बाटलीत, निर्जंतुक जेलीवर वाढवलेली टिश्यू कल्चरची रोपे मातीमुक्त आणि कीडमुक्त असल्यामुळे अनेक ठिकाणी तुलनेने सहज स्वीकारली जातात.

प्रश्न : आम्ही थंड हवामानाच्या प्रदेशातून बेटावर जात आहोत. ट्यूलिपचे कंद, पिओनी आणि सफरचंदाचे एक बुटके झाड न्यायची इच्छा आहे. भरपूर ऊन आणि पाणी मिळाल्यावर ती उलट अधिक चांगली वाढतील, असे वाटते.

उत्तर : दुर्दैवाने नाही. या झाडांना ऊन कमी पडणार नाही, थंडी कमी पडेल. ट्यूलिपच्या कंदाला फुलण्यासाठी साधारण १२ ते १६ आठवड्यांचा गारवा लागतो. सफरचंदाच्या बहुतेक जातींना हिवाळ्यात ७ अंशांखालचे शेकडो तास मिळाले नाहीत तर कळ्या नीट जाग्या होत नाहीत. झाड मरत नाही, पण एखाददुसऱ्या फांदीवर अवेळी पाने फुटतात आणि फळ धरत नाही. ट्यूलिपचे कंद फ्रिजमध्ये ठेवून एकदा फुलवता येतील. दर वर्षी नवे कंद आणून तो खेळ खेळण्यात मजा वाटत असेल, तर माझी हरकत नाही. पिओनी मागेच ठेवावी.

सफरचंदाच्या बाबतीत एक अपवाद मला फार आवडतो. इंडोनेशियातील जावा बेटावर बातू या डोंगराळ भागात हिवाळा नसतानाही सफरचंदे पिकतात. तिथले शेतकरी फळे काढून झाली की झाडाची सगळी पाने हाताने ओरबाडून काढतात आणि झाड झोपी जाण्याआधीच नव्या बहराला प्रवृत्त होते. आपले बेट उंच असेल आणि हात चिवट असतील तर प्रयत्न करून पाहावा. समुद्रसपाटीवर मात्र नको. शिवाय सफरचंदाच्या रोपांवर परवानगीची बंधनेही कडक असतात.

प्रश्न : झाडे मागे ठेवणार आहोत, पण रिकाम्या मातीच्या कुंड्या, बागेची अवजारे आणि लाकडी मांडणी कंटेनरमधून नेता येईल का?

उत्तर : नेता येईल, पण ‘रिकामी’ या शब्दाचा अर्थ अधिकाऱ्याच्या दृष्टीने समजून घ्यावा लागेल. मातीच्या कुंडीच्या तळाचे भोक, कडेची खाच आणि पांढरे क्षार साठलेला आतला भाग तारेच्या ब्रशने घासून, धुऊन, कडक उन्हात पूर्ण वाळवावा. कुदळीच्या दांड्याच्या खोबणीतली माती, कात्रीच्या बिजागरीतला वाळलेला चीक, पाइपच्या आतले शेवाळ आणि बागेतल्या बुटांचे तळवे यांकडे दुर्लक्ष होते. माझ्या मते जुने बूट नेऊच नयेत. मांडणीत लाकूड पोखरणारी कीड नाही ना, हे पाहण्यासाठी तिच्याखाली रात्रभर पांढरा कागद अंथरावा. सकाळी त्यावर पिठासारखा भुसा पडलेला असेल तर ती मांडणी मागे ठेवावी. खोकी आणि पॅलेट यांच्या लाकडाला आंतरराष्ट्रीय मानकानुसार गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटे उष्णता दिलेली असावी लागते किंवा त्याऐवजी मान्यताप्राप्त धुरी. तसा शिक्का लाकडावर असतो. तो पॅकिंग करणाऱ्यांकडून दाखवून घ्यावा.

प्रश्न : बेटावर येऊन पाच महिने झाले. परवानगीने आणलेली इक्झोरा आणि अनंत ही झाडे जगली, पण त्यांची नवी पाने पिवळी पडत आहेत, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. समुद्राकडच्या बाजूची पाने कडेने करपतात. खत दुप्पट केले तरी फरक नाही.

उत्तर : खत आधी थांबवावे. आपण सांगितलेली लक्षणे लोहाच्या कमतरतेची आहेत, पण जमिनीत लोह नाही असा त्याचा अर्थ नव्हे. आपले बेट प्रवाळाचे असावे. प्रवाळाची जमीन चुनखडीची असते, तिचा सामू (पीएच) बहुधा ८च्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो आणि त्या सामूत लोह झाडाला घेता येत नाही. अनंत आणि इक्झोरा यांना आम्लधर्मी माती लागते, म्हणून नेमकी तीच आधी पिवळी पडतात. नळाचे पाणीही तिथे अनेकदा जड असते, त्यामुळे प्रत्येक पाणी देण्याबरोबर चुना वाढतो. या दोन झाडांना जमिनीतून काढून मोठ्या कुंडीत, पालापाचोळ्याच्या खताच्या आणि कोकोपीटच्या मिश्रणात लावावे, शक्य तेवढे पावसाचे पाणी साठवून द्यावे आणि चिलेटेड, म्हणजे झाडाला शोषता येईल अशा बांधलेल्या रूपातले लोह वापरावे. त्यातही ईडीडीएचए प्रकारचे घ्यावे, कारण जास्त सामू असलेल्या मातीत तेच टिकते. जुनी पिवळी पाने हिरवी होतीलच असे नाही. नव्या पालवीचा रंग पाहावा. ज्वालामुखीपासून बनलेल्या बेटावरचे कुणी हे वाचत असतील, तर त्यांनी हा उपाय करू नये. तिथली जुनी माती बहुधा आम्लधर्मी असते आणि तिथे तुटवडा लोहाचा नसून स्फुरदाचा (फॉस्फरसचा) भासतो.

करपलेल्या कडा हे खाऱ्या वाऱ्याचे काम आहे. वारा पानावर मिठाचे बारीक तुषार सोडतो, पाणी उडून जाते आणि मीठ कडेला साठते. जोराच्या वाऱ्यानंतर त्याच संध्याकाळी पाने गोड्या पाण्याने धुवावीत आणि समुद्राच्या बाजूने उंडी, केवडा अशी खारे वारे सोसणारी झाडे आडोशाला लावावीत. ती त्या किनाऱ्यांची मूळ रहिवासी असतात, त्यामुळे स्थानिक रोपवाटिकेत मिळतात. आडोसा उंच होईपर्यंत दोन-तीन वर्षे जातील. तोवर अनंताची कुंडी घराच्या दुसऱ्या बाजूला, सकाळच्या उन्हात ठेवावी.